धागा: ऊसतोडीच्या तालुक्यांत एचआयव्ही सेवेसाठी टीम घडवायची आहे – प्रशिक्षण कसं बांधावं?

माळरान

बीडचे शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी आणि शेजारचं पाथर्डी, अशा ऊसतोड कामगारांच्या तालुक्यांसाठी प्रशिक्षण आखतो आहे. टीममध्ये ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी, आयसीटीसीचे (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राचे) समुपदेशक, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, प्रसूती कक्षातल्या नर्स, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एएनएम, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशा आहेत. एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात ते, लांब. एसटीने जाऊन यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

आजवरचा साचा म्हणजे जिल्ह्याच्या सभागृहात दोन दिवस, प्रत्येक संवर्गाचा वर्ग वेगळा, शेवटी प्रमाणपत्र. त्यातून विषाणूची रचना सांगता येते, पण तपासणी रिॲक्टिव्ह आली तर पुढच्या दहा मिनिटांत कोणी काय करायचं ते कोणालाच ठरवून सांगता येत नाही. प्रत्येक दोन तासांची आठ सत्रं मिळतील असं दिसतं. त्यांत काय घ्यावं, काय सोडावं? ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

कुरुंद

पहिलं म्हणजे संवर्गवार वर्ग मोडा. रुग्ण ज्या वाटेने जातो त्या वाटेने सत्रं लावा आणि प्रत्येक सत्र त्याच खोलीत घ्या. तपासणीचं सत्र लॅबमध्ये, गोळ्यांचं औषध खिडकीपाशी, बाळाचं लसीकरणाच्या खोलीत. वाटेवरचे सगळे जण एकत्र बसले की गळती कुठे आहे हे त्यांचं त्यांनाच दिसतं. "रिपोर्ट मी कपाटात ठेवते", "मला वाटलं तुम्ही फोन करता", ही वाक्यं समोरासमोर आली की अर्धं काम होतं.

दुसरं, शिकवण्याआधी जुनं पुसायला वेळ ठेवा. आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. तेव्हापासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) किती खाली गेल्यावर गोळ्या चालू करायच्या याचा आकडा २००, ३५०, ५०० असा वर चढत गेला आणि २०१७ मध्ये अटच गेली. आता निदान पक्कं झालं की सीडी४ कितीही असो, गोळ्या. तरीही "तुमच्या पेशी चांगल्या आहेत, अजून गरज नाही" असं सांगणारे आजही भेटतात. कारण त्यांचं प्रशिक्षण झालं तेव्हा तेच बरोबर होतं. त्यांना चुकीचं ठरवू नका. कोणत्या साली काय बदललं याची एक पट्टी फळ्यावर काढा. तेवढ्याने माणसं खुल्या मनाने ऐकतात.

गोळीचंही तसंच. आधीच्या एकत्र गोळीत एफाव्हिरेन्झ होतं. त्याने गरगरायचं, म्हणून ती झोपताना घ्यायची. आता टीएलडी आहे, म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ, डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅ, रोज एक. डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते, अशांना ती सकाळी द्यावी लागते. "रात्रीच घ्या" हा जुना सल्ला अजून सवयीने दिला जातो आणि रुग्ण झोप येत नाही म्हणून गोळी सोडतो.

पारा४२

लॅबबद्दल लिहितो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन जी तपासणी होते ती फक्त चाळणी आहे. तिच्यावर "पॉझिटिव्ह" हा शब्द उच्चारायचा नाही. रिॲक्टिव्ह आली की आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किट्सनी खात्री होते, मगच निदान. एएनएम आणि सीएचओंना हे वाक्य पाठ हवं: "या तपासणीत पुढची तपासणी लागेल असं दिसतंय, आपण ती करून घेऊ." सत्रात प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. ऐकायला सोपं वाटतं, पण समोर घाबरलेलं माणूस असलं की जीभ अडखळते.

चुका कुठे होतात:

बहुतेक रॅपिड किट २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं, नेमकं तापमान डब्यावर बघा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीतलं कपाट सहज चाळिशी ओलांडतं. थर्मामीटर खोलीत टांगून उपयोग नाही, तो किटच्या कपाटात ठेवा आणि सकाळी व दुपारी तीनला, अशी दोनदा नोंद घ्या. फक्त सकाळची नोंद असेल तर वही कायम सुंदर दिसते. आणि किट गाडीच्या डिकीतून नेऊ नका.

पाकीट आधी फोडून ठेवायचं नाही, पट्टीला दमट हवा लागते. एका किटचं बफर (सोबत येणारं द्रावण) दुसऱ्या किटला वापरायचं नाही, कंपनी तीच असली तरी. बोटाच्या टोकावर मधोमध टोचू नका, कडेला टोचा. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा. स्पिरिट वाळू द्या, ओल्या स्पिरिटमध्ये रक्त मिसळलं की रक्तपेशी फुटतात आणि पट्टीवर डाग येतो. निकाल वाचायची वेळ किटच्या कागदावर छापलेली असते, ना आधी ना नंतर. तासाभराने उमटलेली फिकट रेघ निकाल म्हणून धरायची नाही. कंट्रोलची रेघ नाही उमटली तर ती तपासणी झालीच नाही, नवीन पट्टी घ्या.

घड्याळ नाही म्हणून मोबाईलवर वेळ बघतात, तेवढ्यात फोन येतो आणि पट्टी विसरते. प्रत्येक केंद्राला साधा स्वयंपाकघरातला टायमर द्या. फार थोड्या पैशांत फार मोठी चूक टळते.

सत्राच्या शेवटी सांकेतिक क्रमांकाचे पाच नमुने द्या. त्यात एक फिकट रिॲक्टिव्ह आणि एक कंट्रोल न उमटणारी पट्टी हवीच. सलग तीनदा बरोबर वाचल्याशिवाय सही नाही.

चाफेकळी

समुपदेशनाला प्रशिक्षणात शेवटचा अर्धा तास मिळतो, तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. ते सर्वांत आधी घ्या.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो लागू झाला १० सप्टेंबर २०१८ पासून. त्यातल्या तीन गोष्टी प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत हव्यात. माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी नाही. व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय स्थिती उघड करायची नाही, अपवाद कायद्याने मोजकेच दिलेत. आणि सेवा नाकारणं हा भेदभाव आहे. कलम वाचून दाखवू नका, प्रसंग द्या. सासू विचारते, "सुनेला काय झालंय?" मुकादम विचारतो, "हा टोळीत चालेल ना?" गरोदर बाईच्या केसपेपरवर लाल शाईने खूण आहे. प्रत्येक प्रसंगात तोंडातून नेमकं काय निघेल ते म्हणवून घ्या.

गोपनीयता बोलण्यातून फुटते त्याहून जास्त मांडणीतून फुटते. वॉर्डातली वेगळी कोपऱ्यातली खाट, बाळाच्या कार्डावरचा सांकेतिक शब्द जो आख्ख्या गावाला कळतो, आठवड्यातला एकच वार ठरवून "त्यांना" बोलावणं, औषध खिडकीवरून मोठ्याने हाक मारणं. प्रशिक्षणार्थींना घेऊन दवाखान्यात दारापासून खिडकीपर्यंत चालत जा आणि प्रत्येकाला दोन ठिकाणं शोधायला सांगा. हे एक तासाचं काम, पण भिंतीवरची पाटी त्याच दिवशी उतरते.

शिकवणाऱ्यांमध्ये एचआयव्हीसह जगणारी एक व्यक्ती तरी असावी, इतरांइतकंच मानधन देऊन. तिने "कसं झालं" हे सांगायचं नाही आणि कोणी विचारायचंही नाही. तिने सांगायचं ते दवाखान्यातल्या कोणत्या वागण्याने ती परत आली आणि कोणत्या वागण्याने आली नाही.

एक बारीक गोष्ट. संजय गांधी निराधार योजनेसाठी कागद करताना आजाराचं नाव तहसीलपर्यंत जातं. फॉर्म भरून द्यायच्या आधी त्या माणसाला हे स्पष्ट सांगा, ठरवू दे त्याला.

अनुपान

फार्मासिस्टला बोलावल्याबद्दल माळरान यांचे आभार. आम्हाला सहसा फक्त साठ्याच्या नोंदीसाठी बोलावतात. खरं तर रुग्ण दर खेपेला ज्याला भेटतोच असा माणूस खिडकीतला.

डोल्युटेग्रॅव्हिर लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधाला पोटात चिकटतं आणि रक्तात जायचं राहतं. गरोदरपणात आपण स्वतःच बाईला रोज लोह आणि दोनदा कॅल्शियम देतो. एकाच पिशवीत तिन्ही देऊन "सगळ्या घ्या" म्हटलं, की तिने प्रामाणिकपणे सगळ्या घेऊनही विषाणू दबत नाही. नियम असा की टीएलडी या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. दिवसात बसवायचं तर:

पहाटे ६ – टीएलडी
सकाळी ९, न्याहारीबरोबर – कॅल्शियम
दुपारी २, जेवणाबरोबर – कॅल्शियम
रात्री ९ – लोह

रात्रीच्या लोहापासून पहाटेपर्यंत ९ तास होतात, म्हणजे नियम पाळला जातो, आणि लोह-कॅल्शियमही एकमेकांपासून लांब राहतात. एएनएमना हे कागदावर न देता रंगीत गोळ्या आणि घड्याळाचं चित्र देऊन मांडायला लावा.

बाकीच्या जोड्या: क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिन असेल तर टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिग्रॅची जादा गोळी, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावरही ती २ आठवडे चालू. मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिग्रॅच्या वर नेऊ नका. फिटसाठी कार्बामॅझेपिन किंवा फेनिटोइन चालू असेल तर एआरटी केंद्राला फोन केल्याशिवाय गोळी हातात द्यायची नाही. हे प्रश्न खिडकीवर दर खेपेला विचारायचे: "दुसरीकडून कुठली गोळी चालू आहे? पित्ताचं काही घेता?" पित्ताचं औषध कोणी "औषध" म्हणून मोजत नाही, म्हणून नाव घेऊनच विचारा.

आता गोळ्या मोजणं. सूत्र सोपं आहे, हिशोब चुकतो तो मागच्या शिलकीत. उदाहरण: मागच्या वेळी घरी ४ शिल्लक, ३० दिल्या, एकूण ३४. माणूस २८ दिवसांनी आला, डबीत ८. म्हणजे घेतल्या २६, घ्यायच्या होत्या २८, नियमितता ९२.९ टक्के. मागच्या ४ विसरलात तर ३० वजा ८ म्हणजे २२, ती ७८.६ येते, आणि चांगल्या माणसाला विनाकारण बोलणी बसतात. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की ९५ च्या खाली जातो, हे रुग्णाला टक्क्यांत सांगू नका. "महिन्यात एकापेक्षा जास्त दिवस चुकू देऊ नका" असं सांगा.

सुईण

प्रसूती कक्षाचं सत्र रात्रपाळीतल्या नर्सनाही मिळेल अशा वेळी दोनदा घ्या. नोंद नसलेली बाई कळा देत येते ती बहुतेक रात्री.

तपासणी झालेली नाही अशी बाई आली तर संमती घेऊन तिथेच रॅपिड तपासणी. रिॲक्टिव्ह आली तर खात्रीची वाट न बघता आईला टीएलडी लगेच, खात्री नंतर. बाळाला नेव्हिरॅपिन सिरप (१ मिलीत १० मिग्रॅ): जन्मवजन अडीच किलोच्या वर असेल तर दिवसातून एकदा १.५ मिली, दोन ते अडीच किलो असेल तर १ मिली, दोन किलोच्या खाली किलोमागे २ मिग्रॅ. आईचं एआरटी प्रसूतीआधी चार आठवडेही झालेलं नसेल, किंवा तिचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला नसेल, तर बाळ जास्त धोक्यात. त्याला नेव्हिरॅपिनबरोबर झिडोव्हुडिनही लागतं, आणि अंगावर पीत असेल तर १२ आठवडे. चमच्याने मोजू देऊ नका. बाटलीबरोबर २ मिलीची सुई नसलेली सिरिंज द्या आणि तिच्यावर चिकटपट्टीने रेघ आखून द्या.

सुई टोचली तर काय, हे सगळ्यांना येतं असं वाटतं, पण बोट पिळणारे अजूनही आहेत. पिळायचं नाही, घासायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं. डोळ्यात उडालं तर भरपूर साधं पाणी. प्रतिबंधक औषधाची पहिली गोळी शक्यतो २ तासांत, ७२ तासांनंतर नाही, समोरच्याच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, पूर्ण कोर्स २८ दिवस. तपासणी लगेच, ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. हे सगळं तोंडपाठ असूनही योजना फसते ती कपाटाच्या किल्लीवर. औषधसाठा दिवसा ज्याच्याकडे असतो तो संध्याकाळी घरी जातो. पहिल्या काही गोळ्यांचं पाकीट प्रसूती कक्षात ठेवा, मुदतीची तारीख बाहेरून दिसेल असं. ही मेहरबानी नाही, २०१७ च्या कायद्यानेच आरोग्य संस्थेवर ही जबाबदारी टाकली आहे, सफाई कर्मचारीही त्यात येतात.

सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ भाग द्रावण, ४ भाग पाणी. १० ची असेल तर १ आणि ९. ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम. रोज ताजं करा. कालचं द्रावण वासाने तिखट लागलं तरी भरवशाचं नसतं.

कुरुंद

सुईण यांनी लिहिलंय त्याला बाळाच्या रक्ताची जोड देतो, कारण बाळाच्या एचआयव्ही तपासणीसाठीच्या, वाळलेल्या रक्ताच्या थेंबांच्या कार्डात सगळ्यात जास्त वाया जातं.

बाळ ६ आठवड्यांचं झालं की पहिलं कार्ड, म्हणजे पेंटा लशीच्या पहिल्या डोसची वेळ. म्हणून हे लसीकरणाच्या टेबलाशेजारी शिकवा. टाचेच्या कडेला टोचा, मधोमध नको. टाच आधी कोमट कापडाने शेकली की पिळायची वेळ येत नाही. पिळलं की ऊतींचं पाणी मिसळतं आणि रक्त पातळ होतं. प्रत्येक वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने भरायचं, थेंबावर थेंब नाही, कार्डाच्या मागे रक्त उतरलं पाहिजे. वर्तुळाला बोट लावायचं नाही. आडवं ठेवून सावलीत किमान ४ तास वाळवायचं, पंखा किंवा ऊन नको, पावसाळ्यात रात्रभर. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत. ओलावा दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदलला असेल तर पुड्या बदला. ओली कार्डं एकावर एक ठेवली की दोन बाळांचे नमुने एकमेकांत मिसळतात, आणि त्याचा परिणाम त्या आयांना भोगावा लागतो.

सरावासाठी लाल रंगाचं पाणी नको, ते वेगळं पसरतं. रक्तपेढीतून मुदत संपलेलं, तपासलेलं रक्त मागा आणि हातमोजे घालून त्यावरच शिकवा.

पाऊलखुणा

क्षेत्रात फिरणाऱ्यांच्या बाजूने. या तालुक्यांमध्ये वर्षाचे दोन तुकडे पडतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते (ऊसतोडीची जोडपी) निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणून प्रशिक्षण पावसाळ्यातच संपायला हवं. ऑक्टोबरात शिकवून त्या हंगामाला उपयोग नाही.

निघण्याआधीची यादी आशाला हवी: व्हायरल लोडची वेळ झाली असेल तर जाण्याआधी नमुना, स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या, कुठल्या कारखान्याला जाणार ते विचारून तिथलं जवळचं एआरटी केंद्र, उपचाराची पुस्तिका, दोन फोन नंबर, त्यातला एक मुकादमाचा नसलेला. हेल्पलाइन १०९७ तोंडपाठ.

कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, गोळी ठेवायचा प्रश्न खरा असतो. डबी खुळखुळते, म्हणून बायका गोळ्या काढून पुडीत बांधतात. मग ओल लागते आणि गोळी भुगा होते. मूळ डबीच ठेवायची, आतली ओल शोषणारी पुडी काढायची नाही, आवाज बंद करायला स्वच्छ कापूस भरायचा. ही सूचना गावातून निघायच्या आधीच द्यायची असते.

घरी भेट कशी द्यायची हेही शिकवा. दारावर "गोळ्या का नाही नेल्या" असं विचारायचं नाही. भेटीचं कारण आधीच रुग्णाबरोबर ठरवून घ्या, रक्तदाब म्हणा, बाळाचं वजन म्हणा. आणि घरी यायला त्याने हो म्हटलेलं नसेल तर जायचं नाही, फोनवर बोलायचं.

माळरान

खूप काही मिळालं. क्षयाचं राहिलं. आणि सत्रं संपल्यावर पुढे काय? इथे कंत्राटी कर्मचारी, बदल्या.

कुरुंद

क्षयासाठी चार प्रश्न दर भेटीला, दर माणसाला: खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. एकही हो आलं तर तपासणी. चारही नाही असतील तर प्रतिबंधक आयसोनियाझिड ३०० मिग्रॅ सहा महिने, पायरीडॉक्सिनसह. क्षय निघाला तर आधी क्षयाची औषधं, आणि दोन आठवड्यांच्या आत एआरटी. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर मात्र थांबायचं, तो निर्णय वरच्या केंद्राचा. सीडी४ २०० च्या खाली असेल तर क्रिप्टोकोकस या बुरशीची अँटिजेन तपासणीही. आणि गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, गाठ सुजली तर प्रतिकारशक्ती जागी झाल्याने दडलेला आजार उफाळतो. अशा वेळी रुग्णाने गोळ्या बंद न करता त्याच दिवशी यायचं, हे आशालाही सांगता आलं पाहिजे.

पुढचं: न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी ईको नावाची पद्धत सुरू झाली. मध्यवर्ती तज्ज्ञ आणि लांबची केंद्रं ठरावीक वेळी व्हिडिओवर बसतात, थोडं शिकवणं, बाकी वेळ केंद्रांनी आणलेले खरे रुग्ण. तसं पंधरवड्याला एक तास धरा. पंधरा मिनिटं विषय, दोन रुग्ण, नाव-गाव-फोटो काहीही न सांगता. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. नेट जातं, म्हणून रुग्णाचा एक पानी तपशील आदल्या दिवशी पाठवायचा, म्हणजे नुसत्या फोनवरही चर्चा होते.

पारा४२

बदल्यांसाठी: प्रत्येक खोलीत त्या खोलीचं एकच पान भिंतीवर. नवीन माणूस आला की आधीच्याने जाण्यापूर्वी त्या पानावरची प्रत्येक पायरी त्याच्याकडून करून घ्यायची आणि तारीख टाकायची. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी जाऊन बघा, पण प्रश्नपत्रिका नेऊ नका, कामावर उभे राहा.

मोजायचं तर थोडंच मोजा. रिॲक्टिव्ह ते एआरटी सुरू, किती दिवस. व्हायरल लोड किती जणांचा देय होता आणि किती जणांचा झाला. तो सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, मग वर्षाला. बाळांच्या रक्ताची नाकारलेली कार्डं किती आणि कशामुळे. खेप चुकलेल्यांपैकी किती जणांशी आठवड्यात बोलणं झालं.

चाफेकळी

व्हायरल लोड १००० च्या वर आला की लगेच औषध बदलायची घाई नको, आणि "गोळ्या घेत नाही" हा आरोपही नको. आधी अनुपान यांचं वेळापत्रक तपासा. मग नियमिततेवर बैठका, तीन महिन्यांनी पुन्हा लोड. तेव्हाही वर असेल तर कागद वरच्या तज्ज्ञ समितीकडे.

माळरान, पहिलं सत्र कधी धरताय? पोळ्याच्या आठवड्यात नको, अर्ध्या आशा गावात अडकलेल्या असतात.

माळरान

जुलैचा पहिला गुरुवार. लसीकरणाचा दिवस सोडून, दुपारी दोन ते चार. प्रसूती कक्षाचं सत्र रात्री आठलाही. टायमर आणि २ मिलीच्या सिरिंजची मागणी आजच लिहितो.